मेल येतात, पण जात नाहीत: पोर्ट २५ बंद असेल तर नेमकं काय करायचं?

टपालहंशील (धागाकर्ता)

लक्षणं लिहितो, जाणकारांनी उलगडा करावा.

लॅपटॉपवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम. येणारी मेल वेळेवर येते. पाठवायला गेलं की पट्टी मिनिटभर सरकत राहते, मग 'जाणाऱ्या सर्व्हरशी जोडणी होताना वेळ संपली' असं म्हणून लिहायची खिडकी तशीच उघडी. तोच लॅपटॉप, तीच सेटिंग्ज, पण ब्रॉडबँडऐवजी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की दोन सेकंदांत मेल जाते. वेबमेल दोन्हीकडे चालते.

डोमेन स्वतःचं, मेल एका होस्टिंग कंपनीकडे. जाणाऱ्या सर्व्हरची सेटिंग्ज: पोर्ट (सर्व्हरवरचं क्रमांकाचं दार) २५, जोडणीची सुरक्षा 'काही नाही', पडताळणी 'साधा पासवर्ड'. इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राचं उत्तर: "पासवर्ड बदलून पाहा."

प्रश्न दोन. पासवर्डचा यात खरंच काही संबंध आहे का? आणि २५ चं ५८७ केलं की काम संपतं, की आणखीही काही बघावं लागतं?

निळीवायर

पहिल्याचं उत्तर: नाही. पासवर्ड विचारायला आधी सर्व्हर भेटावा लागतो. इथे तो भेटतच नाहीये.

मेल अडकली की सर्वांत आधी त्रुटीचा प्रकार बघायचा. तीन प्रकार असतात.

'वेळ संपली': तुमचं पाकीट (डेटाचा तुकडा) वाटेत कुणीतरी गिळलं. बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीची चाळणी, कधी राउटर, कधी घरातलाच अँटिव्हायरस.

'जोडणी नाकारली', तीही क्षणात: पाकीट पोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. पोर्ट चुकलंय, नाहीतर वाटेतला एखादा फायरवॉल गिळण्याऐवजी नकार पाठवतोय.

तीन आकडी कोड: सर्व्हर तुमच्याशी बोलतोय, म्हणजे रस्ता मोकळा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे 'नंतर या', ५ ने सुरू होणारा म्हणजे 'जमणार नाही'. ५३५ (पडताळणी फसली) आला तरच पासवर्डकडे वळायचं.

हॉटस्पॉटवर जाते आणि ब्रॉडबँडवर नाही, एवढ्यावरूनच खातं, पासवर्ड आणि सर्व्हर तिघेही निर्दोष ठरतात.

काडीकाढू

थोडक्यात बंदर बंद आहे आणि मदतकेंद्र जहाजाला रंग द्या म्हणतंय.

जुनाटमोडेम

कंपन्या २५ बंद का करतात तेही सांगतो, नाहीतर इथे लगेच 'लूट, दडपशाही' सुरू होईल.

एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायची ठरलेली भाषा. तिचं जुनं मानक जॉन पोस्टेल यांचं, आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज), ऑगस्ट १९८२. त्यात पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. पोर्ट २५ हे एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला मेल देण्याचं दार आहे, आणि तिथे अनोळखी पाहुणाही आत घ्यावाच लागतो. पुढे घराघरांतले संगणक व्हायरसने पोखरले गेले आणि ते थेट जगभरच्या सर्व्हरांच्या २५ वर कचरा ओतायला लागले. तो थांबवण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारं २५ बंद करणं.

माणसाने आपल्या सर्व्हरला मेल सोपवण्यासाठी वेगळं दार डिसेंबर १९९८ मध्येच ठरलं: ५८७, आरएफसी २४७६. आता त्या जागी ६४०९ आहे. तिथे आधी ओळख पटवायची, मग मेल द्यायची. म्हणून ५८७ बंद करायचं कारण इंटरनेट कंपनीकडे सहसा नसतं. थंडरबर्डमधून २५ वर मेल टाकणं ही त्या आधीच्या काळातली सवय आहे, आणि आश्चर्य हे की काही होस्टिंगवाल्यांची मदतपानं अजून तेच शिकवतात.

आकडेमोड

अंदाज करण्यापेक्षा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. (हुकूम इथे देवनागरीत लिहितेय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.)

विंडोजमध्ये टेलनेट (सर्व्हरशी हाताने बोलायचं साधन) मुळात चालू नसतं, त्याच्या मागे लागू नका. पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे सर्व्हरचं नाव, पुढे 'डॅश पोर्ट ५८७'. शेवटच्या ओळीत 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' समोर 'ट्रू' आलं की दार उघडं. हेच २५ आणि ४६५ साठीही करा. लिनक्स किंवा मॅकवर 'एनसी डॅश व्हीझेड', सर्व्हर, पोर्ट.

दार उघडं दिसलं म्हणजे पलीकडे आपलाच सर्व्हर आहे असं मात्र धरून चालू नका. काही ठिकाणी २५ बंद न करता गुपचूप कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरकडे वळवलेलं असतं. टेलनेट किंवा एनसीने जोडल्यावर '२२०' ने सुरू होणारी पहिली ओळ येते, तिच्यात सर्व्हरचं नाव असतं. भलतंच नाव दिसलं तर समजून जा. नावाच्या जागी नुसत्या चांदण्या आल्या, किंवा पुढे स्टार्टटीएलएस (उघडी जोडणी कूटबद्ध करायचा हुकूम) याऐवजी 'एक्सएक्सएक्सएक्स' असं काही दिसलं, तर मध्ये एसएमटीपी चाळणारा फायरवॉल आहे. सिस्कोच्या पिक्स आणि एएसएची ही जुनी खूण.

आणखी एक नेहमीची फसगत: ४६५ वर टेलनेट केलं की कोरा पडदा दिसतो आणि लोक 'हेही बंद' म्हणून मोकळे होतात. ४६५ वर सर्व्हर आधी बोलत नाही, कूटबद्ध हस्तांदोलनाची वाट बघतो. तिथे कूटबद्ध जोडणी तपासणारं ओपनएसएसएलचं 'एस_क्लायंट' वापरा. ५८७ साठी त्याच्यासोबत 'स्टार्टटीएलएस एसएमटीपी' हा पर्याय लागतो, ४६५ साठी लावायचा नाही.

एस_क्लायंटमध्ये हाताने हुकूम देणार असाल तर लहान लिपीत द्या. मोठ्या 'आर'ने सुरू होणारी ओळ म्हणजे 'पुन्हा हस्तांदोलन करा' आणि मोठ्या 'क्यू'ने सुरू होणारी म्हणजे 'बंद करा' असा त्याचा समज आहे. त्यामुळे मोठ्या अक्षरांत 'आरसीपीटी टू' (मेल कुणाला ते सांगणारा हुकूम) लिहिलं की गाडी तिथेच घसरते आणि खापर सर्व्हरवर फुटतं.

काडीकाढू

'आर'चा हा किस्सा वाखूसा (वाचनखूण साठवली).

सुईदोरा

आता दुसरा प्रश्न. नुसता आकडा बदलून भागत नाही, सुरक्षेचा पर्याय त्याच्या जोडीनेच बदलावा लागतो.

५८७ सोबत स्टार्टटीएलएस.
४६५ सोबत एसएसएल/टीएलएस.

अदलाबदल केली की काय होतं बघा. ४६५ वर स्टार्टटीएलएस ठेवलं तर सर्व्हर कूटबद्ध सुरुवातीची वाट बघतो आणि थंडरबर्ड सर्व्हरच्या '२२०' ची. दोघेही 'आधी तुम्ही' म्हणत दारात उभे, शेवटी पुन्हा 'वेळ संपली'. म्हणजे कंपनीने काहीही अडवलेलं नसताना दिसायला हुबेहूब तीच त्रुटी! उलट ५८७ वर एसएसएल/टीएलएस ठेवलं तर सर्व्हर साध्या भाषेत '२२०' म्हणतो, क्लायंटला त्यात हस्तांदोलन सापडत नाही आणि जोडणी लगेच तुटते. एस_क्लायंट अशा वेळी 'आवृत्ती क्रमांक चुकीचा' असं काहीतरी दिशाभूल करणारं बोलतो.

थंडरबर्डमध्ये जाणारे सर्व्हर खात्याच्या आत नसतात. खात्यांच्या सेटिंग्जमध्ये डावीकडच्या यादीच्या अगदी तळाशी 'जाणारा सर्व्हर' अशी वेगळी नोंद असते, बदल तिथे करायचा. जुन्या आउटलुकमध्ये 'अधिक सेटिंग्ज'मधल्या 'जाणारा सर्व्हर' टॅबवर 'माझ्या सर्व्हरला पडताळणी लागते' ही खूण आधी करा. ती नसेल तर ५८७ वर गेलात तरी ५३० किंवा ५५० खाऊन परत याल. त्याच आउटलुकमध्ये 'टीएलएस' म्हणजे स्टार्टटीएलएस आणि 'एसएसएल' म्हणजे ४६५ वाला प्रकार. नावं गोंधळाची आहेत, इलाज नाही.

जुनाटमोडेम

दोन्ही उघडी असतील तर ४६५ घ्या. जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ ची शिफारस तीच आहे, कारण त्यात पहिल्या अक्षरापासून सगळं कूटबद्ध असतं. स्टार्टटीएलएसमध्ये सुरुवात उघड्यावर होते आणि मधला कुणी 'स्टार्टटीएलएस' हा शब्दच पुसू शकतो. वर चांदण्यांवाल्या फायरवॉलची गोष्ट आलीच आहे.

टपालहंशील

मोजलं. ब्रॉडबँडवर २५: वेळ संपली. ५८७ आणि ४६५: दोन्ही 'ट्रू'. ४६५ आणि एसएसएल/टीएलएस अशी जोडी लावली. आता दुसऱ्या सेकंदाला '५३५, पडताळणी फसली'.

काडीकाढू

म्हणजे मदतकेंद्र बरोबर होतं! फक्त दोन पायऱ्या आधी.

निळीवायर

ही प्रगती आहे, सर्व्हर बोलायला लागला. आधी सदस्यनाव बघा. अनेक होस्टिंगवर सदस्यनाव म्हणून पूर्ण ईमेल पत्ता लागतो, '@' च्या आधीचा तुकडा चालत नाही. २५ वर तोच तुकडा खपत होता याचा अर्थ तिथे पडताळणीचे नियम वेगळे असू शकतात. मग थंडरबर्डच्या जपून ठेवलेल्या पासवर्डांमधून त्या सर्व्हरची जुनी नोंद काढा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या सर्व्हरची नोंद वेगवेगळी असते, एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही.

जीमेल वापरणाऱ्यांसाठी: खात्याचा नेहमीचा पासवर्ड तिथे आता चालत नाही. मे २०२२ च्या शेवटी वैयक्तिक खात्यांसाठी ती वाट बंद झाली. एकतर ओऑथ२ (ब्राउझरमधून लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) निवडा, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. अशा ५३५ मध्ये इंटरनेट कंपनीचा काडीचाही दोष नसतो.

वेधशाळा

एवढा उपद्व्याप कशाला? इंटरनेट कंपनीचा स्वतःचा एसएमटीपी सर्व्हर असतो, तो जाणारा सर्व्हर म्हणून टाकायचा. त्यांच्याच जाळ्यातून त्यांच्याच सर्व्हरला मेल, अडवणार कोण?

जुनाटमोडेम

वेधशाळा, असहमत. मेल सुटेल, पोचेलच असं नाही.

तुमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (तुमच्या नावाने कुठल्या सर्व्हरांनी मेल पाठवायची त्यांची यादी) होस्टिंगचे सर्व्हर असतात, इंटरनेट कंपनीचे नसतात. त्यांच्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने मेल गेली की एसपीएफ नापास. डीकेआयएमची (मेल खरी असल्याची) सही होस्टिंगचा सर्व्हर करतो, तीही नाही. डीमार्कमध्ये (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ती नोंद) 'रिजेक्ट' लिहिलेलं असेल तर मेल दारातच परत. आणि पत्ता याहूसारख्या सेवेचा असेल तर विषयच संपला, त्यांनी एप्रिल २०१४ मध्येच 'रिजेक्ट' लावलंय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलही पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं.

तोच मार्ग घ्यायचा असेल तर कंपनीचा 'इन्क्लूड' (तिचे सर्व्हर मान्य करणारा उल्लेख) आपल्या एसपीएफ नोंदीत घाला. दुसरी एसपीएफ नोंद वेगळी टाकू नका. एका डोमेनला दोन नोंदी झाल्या की दोन्ही निकामी. आणि सगळे 'इन्क्लूड' धरून डीएनएसच्या विचारणा १० च्या आत ठेवा.

वेधशाळा

एसपीएफचं मान्य. पण ज्याचा पत्ताच इंटरनेट कंपनीने दिलेला आहे त्याच्यासाठी माझाच सल्ला बरोबर.

जुनाटमोडेम

त्याला मात्र पूर्ण सहमत.

रानवाट

घरी पोस्टफिक्स, म्हणजे स्वतःचा मेल सर्व्हर, चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथे ५८७ चा थेट उपयोग नाही, कारण समोरच्या डोमेनचा एमएक्स (मेल घेणारा सर्व्हर) २५ वरच ऐकतो. आणि २५ उघडून मिळालं तरी घरगुती आयपी बहुधा स्पॅमहाउस या कचरामेल-विरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत असतो. ती यादी 'हा कचरा पाठवतो' असं म्हणत नाही, 'या पत्त्यावरून थेट मेल येणं अपेक्षित नाही' एवढंच म्हणते. शिवाय उलटी (आयपीवरून नाव सांगणारी) डीएनएस नोंद लागते, आणि ती आयपीचा मालक, म्हणजे इंटरनेट कंपनीच, लावू शकते. डोमेनच्या डीएनएसमध्ये कितीही खटपट केली तरी ती लागत नाही.

म्हणून रिले, म्हणजे मेल दुसऱ्या सर्व्हरमार्फत पुढे पाठवणं. मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'रिलेहोस्ट' म्हणून चौकोनी कंसात सर्व्हरचं नाव, मग विसर्गचिन्ह (कोलन), मग ५८७. चौकोनी कंस शोभेचे नाहीत, त्यांचा अर्थ 'एमएक्स शोधत बसू नको, याच नावाकडे जा'. मग 'एसएमटीपी_सॅसल_ऑथ_इनेबल' ला 'येस', पासवर्डच्या फाइलचा पत्ता, आणि 'एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल' ला 'एन्क्रिप्ट'. ४६५ हवं असेल तर 'रॅपरमोड'ही 'येस', पण त्यासाठी पोस्टफिक्स ३.० किंवा पुढचं लागतं.

फाइल लिहिल्यावर पोस्टमॅप चालवा, फाइलची परवानगी ६०० करा, पोस्टफिक्स रीलोड करा, मग रांगेतली मेल पुन्हा पाठवायला 'पोस्टक्यू डॅश एफ'. हे सगळं अडकल्यापासून पाच दिवसांत करा, कारण मुळातल्या सेटिंगनुसार रांगेतली मेल पाच दिवसांनी परत फिरते.

सुईदोरा

रानवाट यांच्या यादीत तीन ठिकाणी पाय घसरतो.

पासवर्डच्या फाइलमधलं डावीकडचं नाव रिलेहोस्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एकीकडे कंस आणि ५८७, दुसरीकडे नुसतं नाव, असं झालं की पोस्टफिक्स पासवर्ड न देताच मेल पुढे करतो आणि ५३० येतो.

डेबियन किंवा उबुंटूवर 'लिबसॅसल२-मॉड्यूल्स' हे पॅकेज नसेल तर लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' दिसतं. पासवर्ड बरोबर असूनही.

आणि 'एसएमटीपी_सॅसल_सिक्युरिटी_ऑप्शन्स' मध्ये मुळात 'नोप्लेनटेक्स्ट'ही असतं. ते काढून फक्त 'नोअनॉनिमस' ठेवा.

आडोसा

कुणी स्वतःचा ५८७ सर्व्हर चालवत असेल तर उलटं दुखणंही माहीत असू द्या. आपलेच वापरकर्ते घरून मेल टाकतात आणि आपलाच सर्व्हर त्यांना पीबीएलमुळे ५५४ देऊन हाकलतो. नियमांचा क्रम चुकलेला असतो: पडताळणी झालेल्यांना परवानगी देणारा नियम काळ्या याद्यांच्या तपासणीच्या आधी हवा. वापरकर्ता आपल्या बाजूने काहीही केलं तरी हे सुधारत नाही.

दोनघोट

स्कॅन करून ईमेल करणारा जुना प्रिंटर आहे. त्यात पोर्ट बदलता येतं, पण ५८७ ला जोडणीच होत नाही. लॅपटॉपवरून तेच ५८७ चालतं.

आकडेमोड

दोनघोट, त्याला बहुधा टीएलएस १.० च्या पुढचं येत नसेल. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले आणि मोठ्या सेवांनी ते बंद केले. फर्मवेअर अद्ययावत करून पाहा. नाहीच जमलं तर वर रानवाट यांनी सांगितलेला पोस्टफिक्स रिले घरातल्या एखाद्या छोट्या संगणकावर उभा करा. प्रिंटर घरातल्या घरात त्याला २५ वर मेल देईल (तिथे इंटरनेट कंपनी मध्ये येत नाही) आणि तो पुढे आधुनिक टीएलएसने पाठवेल. 'मायनेटवर्क्स'मध्ये (मेल पाठवायची परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) प्रिंटरचा एकच आयपी घाला. घाईत सगळ्या जगाला परवानगी देऊन बसू नका.

काडीकाढू

अवांतर: इथे निम्म्यांची मेल 'जाते', मोबाइलवाल्यांचा मेल 'जातो'. आमच्याकडे ते 'जातच नाही'. लिंगनिर्णयासाठी वेगळा धागा काढावा काय?

निळीवायर

काढा, पण पोर्ट २५ वर काढा, म्हणजे कुणापर्यंत पोचणार नाही.

टपालहंशील

पूर्ण पत्ता सदस्यनावात टाकला, ५३५ गेला. मेल ब्रॉडबँडवरून सुटली! पण आता नवीनच. साधी मजकुराची मेल लगेच जाते, ३ एमबीची पीडीएफ जोडली की पट्टी थोडी सरकून थांबते आणि दहा मिनिटांनी वेळ संपते. हॉटस्पॉटवर तीच पीडीएफ जाते. आकाराची मर्यादा म्हणावी तर होस्टिंगवर २५ एमबी आहे.

वेधशाळा

अँटिव्हायरसचं मेल तपासणं बंद करून पाहा.

टपालहंशील

बंद केलं, फरक नाही.

आकडेमोड

आकाराची मर्यादा असती तर ५५२ कोड आला असता, शांतता नसती. (मर्यादा २५ एमबी म्हणजे फाइल साधारण १८ एमबीच धरा. बेस६४ मध्ये ३ बाइटचे ४ होतात, वर ओळींच्या तुटण्याचा भार.)

हा एमटीयूचा, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पाकिटाच्या मापाचा, वास येतोय. आधी एक करा: वेबमेलमधून तीच पीडीएफ चढवून बघा. तिथेही अडकली तर एसएमटीपीचा पिच्छा सोडा.

मग मोजणी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पिंग', 'डॅश एफ', 'डॅश एल १४६४', पुढे बाहेरचा कुठलाही पत्ता जो पिंगला उत्तर देतो. 'डॅश एफ' म्हणजे तुकडे करू नको. १४६४ मध्ये २८ बाइट मथळे मिळवले की १४९२, पीपीपीओई या ब्रॉडबँड जोडणीच्या प्रकाराचा नेहमीचा आकडा. उत्तर आलं नाही तर आकडा कमी करत जा. 'तुकडे करणं आवश्यक' असा निरोप आला तर ठीक, निदान कुणीतरी सांगतंय. नुसतंच 'वेळ संपली' आलं तर वाटेतला कुणीतरी मोठी पाकिटं गिळतोय आणि तसं कळवणारा आयसीएमपी निरोपही अडवतोय. छोट्या मेलचं पाकीट लहान, म्हणून ती निसटते. पीडीएफची पाकिटं काठोकाठ भरलेली, तीच तेवढी मरतात.

टपालहंशील

वेबमेलमध्येही पीडीएफ अडकते. आजवर 'वेबमेल चालते' म्हणत होतो ते नुसत्या मजकुरावर.

पिंग: १४६४ ला शांतता. १४५२ ला उत्तर. १४५३ ला पुन्हा शांतता.

आकडेमोड

मग तुमच्या वाटेचं माप १४५२ अधिक २८, म्हणजे १४८०. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये एमटीयू १४८० करा. वेगळा एमएसएस (पाकिटातल्या मजकुराचं माप) विचारत असेल तर तिथे १४४०, म्हणजे त्यातून ४० वजा. राउटर पुन्हा चालू करून मगच तपासा, जुन्या जोडण्या जुन्याच मापाने चालतात.

मदतकेंद्राला कळवताना 'मेल जात नाही' म्हणू नका, म्हणजे पुन्हा पासवर्डाचंच ऐकाल. 'तुकडे-नको खुणेसह १४८० च्या वरची पाकिटं हरवतात, आयसीएमपी निरोप येत नाही' असं लिहून द्या, सोबत वेळ आणि कुठल्या पत्त्याला पिंग केलं ते.

टपालहंशील

१४८० केलं. पीडीएफ गेली, थंडरबर्डमधूनही आणि वेबमेलमधूनही. म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही, नुसतं पोर्ट बदलून भागत नाही' असं झालं. सगळ्यांचे आभार.

आडोसा

एक तपासणी राहिली. काही कंपन्या २५ सरसकट बंद ठेवत नाहीत, एखाद्या जोडणीवरून कचरा जाताना दिसला की फक्त तिचं बंद करतात. पूर्वी तुमच्याकडे २५ चालत असेल आणि अचानक थांबलं असेल तर घरातल्या प्रत्येक विंडोज यंत्रावर 'नेटस्टॅट डॅश एएनओ' चालवून पलीकडच्या पत्त्यापुढे विसर्गचिन्ह आणि २५ असलेल्या ओळी शोधा. मेल प्रोग्रॅम बंद असतानाही अशा ओळी दिसल्या तर शेवटच्या रकान्यातला प्रक्रिया क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये जुळवा.

टपालहंशील

तीन यंत्रं बघितली, अशी एकही ओळ नाही.

सुईदोरा

छान. आता थंडरबर्डच्या 'जाणारा सर्व्हर' यादीतून जुनी २५ वाली नोंद काढून टाका. खात्याला दुसरी ओळख (पाठवणाऱ्याचं दुसरं नाव-पत्ता) जोडलेली असेल तर तिचा सर्व्हर वेगळा निवडलेला असतो. ती आधी ४६५ कडे वळवा आणि मगच जुनी नोंद पुसा.

टपालहंशील

दुसरी ओळख खरंच २५ कडेच होती. वळवली.